दिवंगत मेथडिस्ट पाळक आणि निष्ठावान सभासद यांचे स्मरण: नोंदीपासून उपासनेपर्यंत

मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथातील पाळक मरण पावले की त्यांची नोंद घेणारी यंत्रणा आधीपासूनच उभी असते. त्यांच्या नेमणुका वार्षिक परिषदेच्या, म्हणजे पाळकांना नेमणाऱ्या सभेच्या, इतिवृत्तात वर्षागणिक छापलेल्या असतात, परिषदेच्या स्मरणोपासनेत त्यांचे नाव वाचले जाते आणि बहुतेक ठिकाणी त्यांचा संक्षिप्त जीवनवृत्तांतही प्रसिद्ध होतो. चाळीस वर्षे संडे स्कूल चालवणारी शिक्षिका, दर रविवारी सर्वांत आधी येऊन चर्चचे दार उघडणारा वृद्ध सभासद किंवा तीन-चार मंडळ्यांत पायी जाऊन उपदेश करणारा लोकल प्रीचर (दीक्षित पाळक नसलेला उपदेशक) यांच्यासाठी मात्र अशी कोणतीही यंत्रणा नसते. त्यांना ओळखणारी पिढी गेली की त्यांचे नावही जाते. म्हणून हा लेख पाळक आणि सभासद या दोघांविषयी असला तरी त्याचा अधिक भर सभासदांवर आहे. पाळकांच्या बाबतीत उपलब्ध नोंदी गोळा करून त्या पारखाव्या लागतात, तर सभासदांच्या बाबतीत नोंद मुळातच तयार करावी लागते.

ही परंपरा कुठून आली

पहिली मेथडिस्ट परिषद या चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1744 मध्ये भरवली. परिषदेचे कामकाज प्रश्नोत्तरांच्या रूपात चाले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या प्रश्नांमध्ये ‘या वर्षी कोणते उपदेशक मरण पावले’ या प्रश्नाची भर पडली. त्याची उत्तरे सुरुवातीला अतिशय त्रोटक असत. एका माणसाच्या सगळ्या सेवेसाठी दोन-तीन ओळी. तरीही प्रश्न दर वर्षी विचारला जाई आणि उत्तर लिहून ठेवले जाई, आणि या शिस्तीमुळेच ती नावे टिकली. 1778 मध्ये वेस्ली यांनी ‘आर्मिनियन मॅगझिन’ हे मासिक सुरू केले. त्यात उपदेशकांनी स्वतः लिहिलेली आत्मवृत्ते येत, आणि त्याबरोबर साध्या सभासदांच्या जीवनाचे व अखेरच्या दिवसांचे वृत्तांतही येत. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. सामान्य श्रद्धावंतांची नोंद घेण्याची सवय मेथडिस्ट मंडळीत आरंभापासून होती, ही गोष्ट आज स्मरणाचे काम हाती घेणाऱ्याने विसरू नये.

स्वतः वेस्ली 2 मार्च 1791 रोजी लंडन येथे वारले. त्यांच्या अखेरच्या दिवसांचा जो वृत्तांत आज आपल्याला वाचायला मिळतो, तो त्यांची शुश्रूषा करणाऱ्या एलिझाबेथ रिची या स्त्रीने लिहिला. त्या खोलीत कोण होते, वेस्ली काय म्हणाले, कोणते गीत म्हणायचा त्यांनी प्रयत्न केला, हे तिने टिपून ठेवले नसते तर मेथडिस्ट जगाला ते कधीच कळले नसते. आपल्या मंडळीतही असे टिपून ठेवणारे कोणीतरी एक माणूस असावे लागते, आणि या लेखातील पुढच्या सर्व सूचना त्या माणसासाठी आहेत.

सीमा आधी ठरवावी

काम सुरू करण्यापूर्वी स्मरण म्हणजे काय आणि काय नव्हे, हे कार्यकारिणीने आणि पाळकांनी एकत्र बसून स्पष्ट करून घ्यावे. वेस्ली यांनी 1784 मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या 39 कलमांमधून निवड करून अमेरिकेतील मेथडिस्टांसाठी धर्मकलमे तयार केली. त्यांतील चौदावे कलम शुद्धिस्थानाची (मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात त्या जागेची) शिकवण, अवशेषांची पूजा आणि संतांचा धावा यांना स्पष्ट नकार देते. मृतांना उद्देशून प्रार्थना करणे किंवा त्यांच्या वस्तूंना पूज्य मानणे या परंपरेत बसत नाही. त्यांच्या जीवनाबद्दल देवाचे आभार मानणे, त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करण्याचा निश्चय करणे आणि शोक करणाऱ्यांना धीर देणे हे मात्र पूर्णपणे बसते. ज्यांनी देवाचे वचन सांगितले त्या पुढाऱ्यांची आठवण करा, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे, आणि तेथेही आठवणीच्या पाठोपाठ अनुकरणाचीच आज्ञा येते.

ही सीमा ठरलेली असली की पुढचे अनेक वाद आपोआप मिटतात. फोटोला हार घालावा का, मेणबत्ती लावावी का, कबरीजवळ काय म्हणावे, अशा प्रश्नांवर प्रत्येक कुटुंबाशी स्वतंत्र वाद घालण्यापेक्षा मंडळीचा एक ठराव झालेला असणे सगळ्यांच्याच सोयीचे असते.

पहिली पायरी: नावांची यादी

यादी दफनाच्या रजिस्टरपासून सुरू करावी, पण तेथे थांबू नये. ज्यांचे दफन दुसऱ्या गावी झाले, जे मुलांकडे राहायला गेले आणि तेथेच वारले, ज्यांचे सभासदत्व अखेरच्या वर्षांत दुसऱ्या मंडळीत गेले, असे लोक या रजिस्टरात सापडत नाहीत, आणि अनेकदा मंडळीसाठी सर्वांत जास्त झिजलेले लोक हेच असतात. त्यामुळे बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि सभासदत्व यांची रजिस्टरे, कार्यकारिणीच्या सभांची इतिवृत्ते, महिला मंडळाच्या वह्या, जुने वार्षिक अहवाल आणि इमारतीच्या निधीसाठी देणगी देणाऱ्यांच्या याद्या हे सगळे एकदा तरी चाळून काढावे. या कामाला वेळ लागतो. दोन माणसांनी मिळून केले तर चुका कमी होतात, कारण एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने लिहायचे अशी विभागणी करता येते.

यादीत प्रत्येक नावापुढे पाच गोष्टींसाठी जागा ठेवावी: पूर्ण नाव आणि मंडळीत प्रचलित असलेले नाव, जन्म व मृत्यूची तारीख, मंडळीतील जबाबदारी, माहिती कोठून मिळाली, आणि ती पडताळली आहे की नाही. चौथा रकाना लोक हमखास वगळतात. वीस वर्षांनंतर कोणी एखाद्या तारखेवर शंका घेतली तर तोच रकाना उपयोगी पडतो.

कोणाला ‘निष्ठावान’ म्हणायचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. माझे मत असे आहे की, मरण पावलेल्या प्रत्येक सभासदाचे नाव वार्षिक वाचनात यावे. निवड फक्त सविस्तर वृत्तांत कोणाचे लिहायचे यापुरतीच करावी. निवड करतानाही पदाकडे न पाहता कामाकडे पाहावे. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात ज्यांना सलाम सांगितला आहे, त्यांची यादी समोर ठेवून पाहावी. फिबीने पुष्कळांना साहाय्य केले, पर्सिसने प्रभूमध्ये फार श्रम केले, आणि रूफाची आई पौलालाही आईसारखी होती, एवढेच तेथे सांगितले आहे. प्रत्येक नावापाशी एकच गोष्ट आहे, आणि ती त्या व्यक्तीच्या कामाची किंवा नात्याची आहे.

दुसरी पायरी: पाळकांच्या सेवेचा माग

मेथडिस्ट पाळक एका जागी राहत नाहीत. परिषद त्यांना पाठवते आणि बदलते. या व्यवस्थेचा एक परिणाम असा होतो की, कोणत्याही एका मंडळीजवळ त्यांच्या आयुष्याचा एकच तुकडा असतो. त्यांच्या तरुणपणीचे परिश्रम एका गावाला माहीत असतात, तर आजारपण आणि निवृत्ती दुसऱ्याच गावाला. म्हणून पाळकांचा वृत्तांत लिहिताना प्रथम परिषदेच्या इतिवृत्तांतून त्यांच्या नेमणुकांची वर्षवार यादी करावी आणि मग प्रत्येक ठिकाणच्या मंडळीला पत्र पाठवून एकच नेमका प्रश्न विचारावा: ते तुमच्याकडे असताना काय सुरू झाले किंवा बंद पडण्यापासून काय वाचले? ‘आठवणी कळवा’ असे मोघम लिहिले तर उत्तर येत नाही किंवा स्तुतीचे दोन परिच्छेद येतात.

तारखांच्या बाबतीत येथे विशेष जपावे लागते. परिषदेचे वर्ष आणि कॅलेंडरचे वर्ष एकच असते असे नाही. त्यामुळे इतिवृत्तात एका वर्षाखाली छापलेली नेमणूक प्रत्यक्षात पुढच्या वर्षात बरीच पुढे गेलेली असू शकते. उमेदवार म्हणून स्वीकृती, परिषदेचे पूर्ण सभासदत्व आणि दीक्षा या वेगवेगळ्या घटना आहेत. काही मेथडिस्ट चर्चमध्ये डीकन आणि एल्डर अशा दोन दीक्षा वेगवेगळ्या वर्षी होतात. कुटुंबीय ‘बाबांची दीक्षा अमुक साली झाली’ असे सांगतात तेव्हा ते यांपैकी कशाबद्दल बोलत आहेत, हे विचारून घ्यावे.

पाळकांच्या पत्नीची किंवा पतीची स्वतंत्र नोंद करायला विसरू नये. अनेक वार्षिक परिषदांच्या स्मरणोपासनेत दिवंगत पाळकांबरोबर त्यांच्या दिवंगत जोडीदारांचीही नावे वाचली जातात, आणि ते योग्यच आहे; दर काही वर्षांनी घर हलवून, नव्या मंडळीत पुन्हा पहिल्यापासून माणसे जोडून ज्यांनी ती सेवा शक्य केली, त्यांचे नाव केवळ ‘पत्नी व तीन मुले’ या शब्दांत संपू नये.

परदेशातून आलेल्या मिशनरींची माहिती हवी असेल तर ती बहुधा मंडळीजवळ नसून मोठ्या संग्रहांत असते. ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेचे जुने कागद मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहेत आणि ब्रिटिश मेथडिस्टांच्या मिशनरी संस्थेचे दप्तर लंडन विद्यापीठाच्या सोएस या संस्थेत आहे. युनायटेड मेथडिस्ट चर्चचे मध्यवर्ती अभिलेखागार अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मॅडिसन येथे, ड्रू विद्यापीठाच्या आवारात आहे. या ठिकाणी पत्र पाठवताना व्यक्तीचे पूर्ण नाव, सेवेचा अंदाजे काळ आणि नेमका प्रश्न द्यावा.

तिसरी पायरी: घरच्यांशी बोलणे

अंत्यविधीच्या आठवड्यात मुलाखत घेऊ नये. त्या दिवसांत लोकांना सांत्वन हवे असते, आणि त्या वेळी दिलेली माहितीही घाईची असते. साधारण सहा आठवड्यांनी, आधी विचारून, घरी जावे. एकाच वेळी सर्व भावंडांना बसवले तर मोठा भाऊ बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. शक्य असेल तर निदान दोघांशी वेगवेगळे बोलावे. घराबाहेरचाही एक साक्षीदार शोधावा: सहकारी शिक्षक, शेजारी, किंवा ज्याला त्या व्यक्तीने कधी मदत केली असा कोणी.

प्रश्न वस्तूंपासून सुरू केले की बोलणे सोपे जाते. ‘त्यांचे बायबल पाहू का?’ असे विचारावे. जुन्या बायबलच्या समासात तारखा असतात, एखाद्या वचनाखाली दोन रंगांच्या शाईच्या रेघा असतात, मागच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म आणि बाप्तिस्मे लिहिलेले असतात, मधे एखाद्या दफनविधीची पत्रिका घडी घालून ठेवलेली असते. उपदेशक असतील तर संदेशाच्या टिपणावर कोणत्या गावी तो दिला हे कोपऱ्यात लिहिलेले सापडते. जुन्या काळातील कुटुंबांत सभासदत्वाची तिमाही तिकिटे किंवा सर्किटमधील (एकत्र बांधलेल्या मंडळ्यांच्या गटातील) उपदेशकांचे छापील वेळापत्रकही मिळू शकते. अशा वेळापत्रकावर लोकल प्रीचरचे नाव आणि रविवार छापलेला असतो, म्हणून त्यांच्या सेवेचा तो सर्वांत पक्का लेखी पुरावा आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात टबीथा मरण पावते तेव्हा विधवा पेत्राभोवती उभ्या राहून तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवतात. तिच्या स्वभावाची विशेषणे त्या सांगत बसत नाहीत. मुलाखत घेणाऱ्याने हाच प्रसंग मनात ठेवावा आणि ‘त्या कशा होत्या’ यापेक्षा ‘त्या काय करत’ हे विचारावे.

मूळ वस्तू मागून घेऊन जाऊ नयेत. तेथेच फोटो काढावेत, आणि मूळ वस्तू मंडळीला द्यायची कुटुंबाची इच्छा असेल तर दोन ओळींची लेखी पोच द्यावी.

चौथी पायरी: वृत्तांत लिहिणे

दोन वृत्तांत लिहावेत. एक उपासनेत वाचण्यासाठी, 250 ते 300 शब्दांचा, म्हणजे साधारण तीन मिनिटांत संपेल असा; दुसरा संग्रहासाठी, 800 ते 1200 शब्दांचा, ज्यात तारखा, नेमणुका आणि माहितीचे आधार असतील. एकच मजकूर दोन्हीकडे वापरायचा प्रयत्न केला तर उपासनेत तो लांबतो आणि संग्रहात तोकडा पडतो.

रचनेसाठी वेस्ली यांचाच एक नमुना घेता येतो. वेस्ली यांचे जुने सहकारी उपदेशक जॉर्ज व्हिटफील्ड 30 सप्टेंबर 1770 रोजी अमेरिकेत वारले, आणि त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला वेस्ली यांनी लंडन येथे त्यांच्या मृत्यूनिमित्त उपदेश केला. त्याचे तीन भाग होते: आधी जीवनातील घटना, मग स्वभाव, आणि शेवटी या मरणातून ऐकणाऱ्यांनी काय घ्यायचे. घटना आधी आणि स्वभाव नंतर हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण घटना ऐकल्यावर स्वभावाचा निम्मा भाग श्रोत्यांना आपोआप कळलेला असतो. देवाने आगाऊ केलेल्या निवडीच्या शिकवणीवरून या दोघांत तीव्र मतभेद होते. वेस्ली यांनी त्या दिवशी ते मतभेद उगाळले नाहीत. कमी महत्त्वाच्या बाबींत भिन्न मत ठेवूनही एकत्र राहता येते, एवढे सांगून मूलभूत शिकवणीवर भर दिला. ज्या मंडळ्यांत एकेकाळी फूट पडली होती त्यांनी हा उपदेश वृत्तांत लिहिण्यापूर्वी वाचावा.

वाक्यांच्या पातळीवर एकच नियम पुरेसा आहे: जे वाक्य दुसऱ्या कोणत्याही सभासदाविषयी जसेच्या तसे वापरता येईल, ते काढून टाकावे. ‘त्या अत्यंत प्रेमळ, नम्र आणि सेवाभावी होत्या’ हे वाक्य कोणालाही लागू पडते. ‘प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी त्या पेले स्वतः धूत, मेजावरचे पांढरे वस्त्र इस्त्री करून ठेवत आणि त्या आठवड्यात आजारी असलेल्यांची यादी पाळकांच्या हाती देत’ हे वाक्य एकाच बाईचे आहे. दुसरे वाक्य मिळवण्यासाठी आणखी एक भेट घ्यावी लागली तरी घ्यावी.

जुन्या मेथडिस्ट नियतकालिकांतील वृत्तांत वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यांचा मोठा भाग मरणशय्येवर खर्ची पडलेला असतो: अखेरचे उद्गार, अखेरचे गीत, चेहऱ्यावरची शांती. विश्वासात मरणे ही त्या काळी साक्ष मानली जाई, आणि त्याचे मोल कमी नाही. पण त्यापायी तीस-चाळीस वर्षांचे रोजचे काम दोन ओळींत गुंडाळले गेले, आणि सगळे वृत्तांत एकाच साच्यातले वाटू लागले. अखेरचे दिवस लिहावेत, पण एक परिच्छेद पुरे. आजाराचे तपशील आणि मृत्यूचे कारण कुटुंबाच्या स्पष्ट संमतीशिवाय लिहू नये. हयात नातेवाइकांचे पत्ते आणि फोन क्रमांक तर मुळीच देऊ नयेत.

उणिवा लिहाव्यात का? साध्या मानवी उणिवा, जसे की तापट स्वभाव किंवा बदल स्वीकारण्यातला हट्ट, प्रेमाने आणि एका वाक्यात लिहिता येतात. त्यामुळे माणूस खरा वाटतो. गंभीर गैरवर्तनाची गोष्ट वेगळी आहे. एखाद्या पाळकाविरुद्ध किंवा सभासदाविरुद्ध मुलांच्या वा स्त्रियांच्या छळाची, किंवा पैशांच्या अफरातफरीची तक्रार झाली असेल, तर सन्मानाचा कोणताही कार्यक्रम ठरवण्यापूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्यांशी बोलावे. ज्यांनी ते सोसले ते लोक कदाचित त्याच बाकांवर बसलेले असतात, आणि स्तुतीचे शब्द त्यांच्यावर दुसरा आघात ठरतात. ‘मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये’ हे येथे उत्तर होऊ शकत नाही.

लिहून झाल्यावर मजकूर कुटुंबातील एका व्यक्तीला आणि बाहेरच्या एका जाणकाराला दाखवावा. कुटुंबाला तथ्ये दुरुस्त करण्याचा अधिकार आहे. विशेषणांची भर घालण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नकार देता येतो.

पाचवी पायरी: उपासना

यासाठी सर्वांत स्वाभाविक दिवस म्हणजे 1 नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, किंवा त्यानंतर येणारा पहिला रविवार. हा सण आपल्याला विशेष प्रिय असल्याचे वेस्ली यांनी आपल्या रोजनिशीत लिहिले आहे, त्यामुळे तो मेथडिस्ट परंपरेत परका नाही. वर्षाच्या आरंभी कराराची उपासना करणाऱ्या मंडळ्यांना तोही दिवस सोयीचा वाटू शकतो. तिची सुरुवात वेस्ली यांनी 1755 मध्ये केली, आणि तिच्यात सभासद स्वतःला देवाच्या हाती नव्याने सोपवून देतात, त्यामुळे आधीच्या पिढीची आठवण तेथे अर्थपूर्ण ठरते. मंडळीचा वर्धापनदिन मात्र मी टाळेन. त्या दिवशी सत्कार, अहवाल आणि जेवण यांच्या गर्दीत नावे हरवतात.

उपासनेचा क्रम साधा असावा: गीत, आभाराची प्रार्थना, शास्त्रवाचन, नावांचे वाचन, एक किंवा दोन वृत्तांत, उपदेश, आणि शक्य असल्यास प्रभुभोजन. शास्त्रवाचनासाठी इब्री 11 चा शेवट व 12 चा आरंभ, प्रकटीकरण 7 किंवा प्रकटीकरण 14:13 घेता येईल. गीतांच्या बाबतीत मेथडिस्टांना उणीव भासू नये; जॉन वेस्ली यांचे भाऊ चार्ल्स वेस्ली यांनी खास दफनविधीसाठी गीते रचली, आणि त्यांत पृथ्वीवरची मंडळी आणि स्वर्गातली मंडळी एकच आहे, हा विचार पुन्हा पुन्हा येतो. दिवंगत व्यक्तीचे आवडते गीत घेतले तर ते मंडळीला येते का, हे आधी पाहावे.

नावांचे वाचन हा उपासनेचा मध्य आहे, आणि त्याचीच तयारी सर्वांत कमी होते. यादी मोठ्या अक्षरांत छापून घ्यावी. ज्या नावांच्या उच्चाराबद्दल शंका असेल ती कुटुंबाला विचारून घ्यावीत. पाळकांसाठी ‘रेव्हरंड’ आणि सभासदांसाठी नुसते नाव, असा भेद टाळायचा असेल तर सर्वांची फक्त पूर्ण नावे वाचावीत. कोणतीही पद्धत घ्या, पण सगळ्यांना सारखी लावा. एका नावाला सहा-सात सेकंद धरले तर चाळीस नावांना साडेचार मिनिटे लागतात, आणि ही घाई न करण्याची साडेचार मिनिटे आहेत. प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबावे. आदल्या दिवशी एकदा तरी मोठ्याने वाचून पाहावे.

आधीच्या स्मरणदिनानंतर वारलेल्यांची नावे प्रथम घ्यावीत आणि त्यांच्या कुटुंबांना दोन आठवडे आधी पत्राने किंवा प्रत्यक्ष भेटून बोलवावे. मंडळी सोडून गेलेल्या कुटुंबांनाही बोलवावे. ती बहुधा येतात. शेवटी, ज्यांची नावे यादीत राहून गेली असतील त्यांच्यासाठी सभासदांना बसल्या जागी एखादे नाव उच्चारू द्यावे. लहान बाळे गमावलेल्या आईवडिलांना याच क्षणी आपल्या मुलाचे नाव घेता येते.

कायमस्वरूपी स्मारक

भिंतीवरची संगमरवरी पाटी ही बहुतेकांची पहिली कल्पना असते, आणि माझ्या मते ती शेवटी विचारात घ्यावी. वेस्ली यांनी मृत्युपत्रात आपल्या अंत्ययात्रेसाठी रथ, बग्गी, कुळाची चिन्हे असा कोणताही थाट नको असे लिहिले होते; सहा गरीब माणसांनी आपली शवपेटी वाहावी आणि त्या प्रत्येकाला वीस शिलिंग द्यावेत, एवढीच त्यांची सूचना होती. पाटीचा खर्च ठरवताना हे डोळ्यांसमोर असावे.

पाटी लावायचीच असेल तर आधी लेखी धोरण करावे: कोणाची लावायची, किती मोठी, खर्च कोणी करायचा, आणि इमारत पाडली किंवा बदलली तर तिचे काय करायचे. धोरण नसेल तर देणगी देऊ शकणाऱ्या कुटुंबांचीच नावे भिंतीवर चढतात. त्यापेक्षा एक स्मरणग्रंथ ठेवणे अधिक न्याय्य आहे: चांगल्या कागदाची, शिवलेल्या बांधणीची वही, प्रत्येक व्यक्तीला सारखीच जागा, आणि मजकूर टिकाऊ काळ्या शाईने सुवाच्य हस्ताक्षरात.

स्मरणनिधी उभारायचा असेल तर मूळ रक्कम न मोडता तिचे उत्पन्न खर्चायचे की ठरावीक वर्षांत सगळीच रक्कम वापरायची, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. उद्देश फार अरुंद ठेवला, उदाहरणार्थ ‘संडे स्कूलच्या पेटीवादनाच्या शिक्षणासाठी’, तर काही वर्षांनी तो निरर्थक होतो आणि पैसे अडकून पडतात. म्हणून ‘ते शक्य नसल्यास मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी’ असे एक कलम जोडावे.

कागद आणि फोटो जपणे

कागदपत्रे लॅमिनेट करू नयेत आणि फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये. दोन्हींमुळे झालेले नुकसान भरून येत नाही. पिना आणि रबरबँड काढून टाकावेत. आम्लरहित कागदाची पाकिटे मिळाली तर उत्तम, नाहीतर स्वच्छ, कोरड्या, उजेड न येणाऱ्या कपाटात सपाट ठेवावीत. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नावे लिहावीत: डावीकडून उजवीकडे कोण, कोणता प्रसंग, अंदाजे वर्ष. हे काम जुने लोक हयात असतानाच करावे लागते. समूहफोटो समोर ठेवून दोन वृद्ध सभासदांना एकत्र बसवले तर एकाला न आठवलेले नाव दुसरा सांगतो.

स्कॅन करताना कागदासाठी 300 आणि फोटोंसाठी 600 डीपीआय ठेवावे. मूळ प्रत टिफ स्वरूपात आणि वाटण्यासाठीची प्रत जेपेग किंवा पीडीएफमध्ये असावी. फाइलच्या नावात वर्ष, आडनाव आणि विषय याच क्रमाने लिहिले की यादी आपोआप कालक्रमाने लागते. तीन प्रती ठेवाव्यात, त्या निदान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत चर्चच्या इमारतीबाहेर असावी. पुराचे पाणी कपाटात शिरले किंवा संगणक बिघडला तरी मग सगळे जात नाही. संग्रहासाठीच्या वृत्तांताची एक छापील प्रत परिषदेच्या अभिलेखागाराकडे पाठवावी. सभासदांचे वृत्तांत तेथे क्वचितच पोहोचतात, म्हणूनच ते मुद्दाम पाठवावेत.

जबाबदारी कोणाची

पाळकांकडे हे काम सोपवू नये. त्यांची बदली होते. युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या शिस्तग्रंथात (चर्चच्या नियमांच्या पुस्तकात) स्थानिक मंडळीसाठी इतिहासकार नेमण्याची तरतूद आहे, आणि इतर मेथडिस्ट मंडळ्यांनीही कार्यकारिणीच्या ठरावाने असे एक पद निर्माण करायला हरकत नाही. त्या व्यक्तीबरोबर एक तरुण मदतनीस आरंभापासून असावा. वर्षातून तीन कामे ठरलेल्या महिन्यांत व्हावीत: जानेवारीत गेल्या वर्षातील मृत्यूंची रजिस्टरांशी पडताळणी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुलाखती आणि लेखन, ऑक्टोबरमध्ये नावांची यादी पक्की करून कुटुंबांना आमंत्रण. नवे पाळक रुजू होतात तेव्हा रोख, किल्ल्या आणि रजिस्टरे यांच्याबरोबर स्मरणग्रंथाचाही उल्लेख हस्तांतरणाच्या यादीत असावा, आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे त्या यादीवर लिहून दोघांनी सही करावी.